नऊ म्हणजे घर बंद

तीनशे एक्कावन्न हा आकडा मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. नवऱ्याला याचं वाईट वाटत नाही, कारण तारीख त्यालाही आठवत नाही.

तीस वर्षांपूर्वी सरांनी आणि मी एक पेपर लिहिला. एका गावात बटणं बनायची, अर्ध्याअधिक गावाचं पोट बटणांवर. सरकारने बाहेरून येणाऱ्या बटणांवरचं आयात शुल्क उठवायचं ठरवलं. ते उठण्याआधी आम्ही गावातल्या चारशे बारा घरांत जाऊन प्रश्न विचारले आणि उठल्यावर तीन वर्षांनी त्याच घरांत पुन्हा गेलो. तीनशे एक्कावन्न घरं सापडली. एकसष्ट सापडली नाहीत, ती गाळली. सापडलेल्या घरांची कमाई सरासरी अकरा टक्क्यांनी वाढली होती. परदेशी माल आला की गाव बुडतं ही ओरड खोटी आहे, असं आम्ही ठासून सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं. अर्थशास्त्राच्या कुठल्याही वर्गात 'बटणांचा पेपर' म्हटलं की पोरं अजून माना डोलावतात. पुढे कितीतरी ठिकाणची शुल्कं त्या अकरा टक्क्यांच्या आधाराने उठली.

पेपरावर पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. दोन वर्षांनी मी त्यांच्या मुलाशी लग्न केलं. म्हणजे संस्थेत मी विद्यार्थिनी आणि घरात सून, आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द त्यांचाच. नवरा दातांचा डॉक्टर आहे, त्याला आमच्या दोघांच्या बोलण्यातलं काही कळत नाही आणि तो तसं आनंदाने सांगतो. सासऱ्यांना मी अजून 'सर'च म्हणते. शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे पाय गेले, सुंभ जळला तरी पीळ मात्र शाबूत. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची खाट आहे, खाटेशेजारी चष्मा, पाण्याची बाटली आणि एक लाल पेन्सिल. पेन्सिल कशाला लागते ते विचारायची सोय नाही.

या वर्षी एका मोठ्या जर्नलने ठरवलं की बटणांचा पेपर तीस वर्षांनिमित्त पुन्हा छापायचा, सरांच्या फोटोसकट. अट एकच. मूळ डेटा आणि प्रोग्रॅम शुक्रवारपर्यंत त्यांच्याकडे जमा करायचा, म्हणजे कोणालाही तो चालवून पाहता येईल. सर रोज सकाळी विचारायचे, "अंक आला का?" अजून डेटाच गेलेला नाही, असं मी रोज सांगायचे. "मग पाठव की. मी काय शंभर वर्षं बसणार आहे?"

सोमवारी सकाळी दहा वाजता मी संस्थेतल्या माझ्या खोलीत जुनी फाइल उघडली, प्रोग्रॅम चालवला आणि चहाचा कप उचलला. पडद्यावर आलं : घरं, तीनशे बावन्न.

मी कप खाली ठेवला. पुन्हा चालवला. तीनशे त्रेपन्न.

शेजारच्या खोलीत एक तरुण प्राध्यापिका बसते. दुसऱ्यांचा डेटा चाळून त्यातले खडे काढायचे हे तिचं काम आणि तिची हौस, म्हणून सगळी संस्था तिला 'चाळणी' म्हणते. तोंडावरसुद्धा. मी तिला हाक मारली.

"मॅडम, एखादं घर दोनदा आलं असेल," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "जुन्या फायलींत होतं असं."

तिने तीच फाइल आपल्या मशीनवर नेली. तिच्याकडे तीनशे एक्कावन्न. माझ्याकडे येऊन चालवली. तीनशे चोपन्न. तिने भुवया वर केल्या आणि खुर्ची ओढून बसली. आता तिला मजा यायला लागली होती.

"दोनदा आलेलं घर नाहीये हे," ती म्हणाली. "नवीन ओळ आहे. हे बघा, घर क्रमांक दोनशे सदतीस. दुसऱ्या फेरीचे रकाने भरलेत. घरात माणसं तीन. कमावणारी शून्य. काल किती वेळा जेवलात, एक. हे घर तुम्ही गाळलेल्या एकसष्टांत आहे ना? मग याची उत्तरं आली कुठून?"

"कार्डावरून कोणीतरी चढवली असतील."

"कार्डावर तर नऊ असेल ना?"

नऊ म्हणजे घर बंद. आमच्या सर्वेक्षणात प्रत्येक घराचं एक जाड कार्ड असायचं. नियम कडक होता : दार ठोठावायचं, माणूस नसेल तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला जायचं, मग तिसऱ्या दिवशी. तिन्ही तारखा कार्डावर लिहायच्या. तिन्ही खेपांना कुलूप दिसलं तरच रकान्यात नऊ भरायचे आणि मग ते घर हिशेबातून बाद. जगभर असंच करतात, त्यात गैर काही नाही.

"हो," मी म्हणाले. "नऊच आहे."

तिला मी पिटाळलं आणि दिवसभर थांबून थांबून प्रोग्रॅम चालवत बसले. दर वेळी एक घर वाढायचं. एकही घर रिकाम्या हाताने येत नव्हतं. माणसं किती, कमावणारी किती, काल किती वेळा जेवलात, सगळं घेऊन यायचं. दर घरागणिक माझे अकरा टक्के झिजत होते. दहा पूर्णांक सात, साडेदहा, दहा पूर्णांक दोन. मी लोकांना आयुष्यभर सांगत आले की सरासरी हा थंड डोक्याचा प्राणी आहे. त्या दिवशी त्या प्राण्याकडे बघताना माझी पाचावर धारण बसली होती.

त्या संध्याकाळी घरी गेले तर सर खाटेवर उठून बसले होते.

"दारात कोण आहे बघ गं."

मी दार उघडून पाहिलं. जिना रिकामा होता.

"कोणी नाही, सर."

"नीट बघ. केव्हाची माणसं उभी आहेत. किती वेळ ताटकळत ठेवायचं?"

नवरा जेवता जेवता म्हणाला, "कानात मळ साचला असेल. उद्या नेतो त्यांना माझ्या मित्राकडे." दातांच्या डॉक्टरला कानांबद्दल फार खात्री असते.

मंगळवारी दुपारी आकडा तीनशे सत्तरवर आला आणि थांबला. मी पुन्हा चालवला. तीनशे सत्तर. पुन्हा, पुन्हा. तीनशे सत्तर. टक्के साडेपाचावर आले होते. चाळणी दारात उभी राहून बघत होती.

"थांबलं की," ती म्हणाली. "एकोणीस जास्त. एकोणीसच का पण?"

मला माहीत होतं एकोणीसच का. मी उठून लोखंडी कपाट उघडलं, गठ्ठे काढले आणि एकेक क्रमांक जुळवून कार्डं टेबलावर मांडली. सगळी एकाच गल्लीतली. सगळ्यांवर नऊ, आणि प्रत्येक नऊ माझ्या अक्षरात.

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून आता नीट सांगते. दुसऱ्या फेरीला मी चोवीस वर्षांची होते. पहिले चार दिवस मी बाजाराकडच्या गल्ल्या केल्या. तिथे लोक आता परदेशी बटणं विकायला लागले होते, हसून बोलायचे, खुर्ची द्यायचे. पाचव्या दिवशी कामगारांच्या खोल्या लागल्या. तिथल्या पहिल्याच घरात एका म्हातारीने माझं मनगट धरलं आणि मी प्रश्न विचारत असेपर्यंत सोडलंच नाही. दुसऱ्या घरात एक माणूस सगळी उत्तरं भिंतीकडे तोंड करून देत होता. तिसऱ्या घरातून मी बाहेर पडले ती चालत पंपघरापर्यंत गेले आणि त्याच्या कठड्यावर सावलीत बसले. समोर एकोणीस दारं होती. आळस असता तर स्वतःला माफ करणं सोपं गेलं असतं. मला भीती वाटली. त्या दारांमागे काय आहे ते मला कळलं होतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. मी पिशवीतून एकोणीस कार्डं काढली आणि एका बैठकीत भरली. प्रत्येकावर तीन तारखा, प्रत्येकावर नऊ. त्यातल्या दोन तारखा तर अजून उजाडायच्या होत्या.

समोरचं दोनशे सदतीसचं दार उघडं होतं. दारात एक बाई उभी होती, तिच्या कमरेला टेकून एक मुलगी. बाई माझ्याकडे बघत होती. तिने हात वर केला, आपण ओळखीच्या माणसाला करतो तसा. मी मान खाली घातली आणि लिहिलं : घर बंद.

हे मी चाळणीला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. कदाचित ती तेव्हाच्या माझ्यासारखीच तरुण होती म्हणून. तिने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, हा तिचा विक्रम असावा.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "माझ्या मशीनवर तीनशे एक्कावन्न येतात. मी तिथूनच फाइल पाठवली तर कोणाला काही कळणार नाही."

"हो."

"आणि बाकीची बेचाळीस? ती इतरांनी भरली होती. तीही खरोखर बंद होती की..."

"मला माहीत नाही."

तिने खिशातून फोन काढून काहीतरी गुणाकार केला. "ती पण अशीच निघाली तर उत्तर शून्याच्या खाली जातं. उणे पावणेपाच."

उणे पावणेपाच. म्हणजे गाव बुडालं होतं, आणि आम्ही काठावर उभं राहून ते कसं तरलं याचं व्याख्यान दिलं होतं. त्यातही सर तर गावात फक्त सर्वेक्षणाच्या उद्घाटनाला आले होते. आमच्या धंद्यात उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यालाच पहिलं नाव मिळतं. पण मला राग सरांचा येत नव्हता. त्यांनी माझ्या कार्डांवर भरवसा ठेवला होता. शहाऐंशी वर्षांचा माणूस आपल्या फोटोची वाट बघत पडला आहे आणि त्याला मी, त्याच्या घरात राहणारी, त्याचं एकुलतं एक मोठं काम पोकळ आहे म्हणून सांगणार. ते ऐकून त्यांचं काही बरंवाईट झालं तर नवऱ्याला काय सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला बजावलं. चाळणीला म्हटलं, "गुरुवारपर्यंत थांब," आणि तरीही बुधवारी सकाळी त्या गावाची बस धरली.

तीन तासांचा रस्ता. बटणांचा कारखाना आता गोदाम झाला आहे, दारावर मोठाले ट्रक लागलेले होते. पंपघर पाडलं होतं, कठडा तेवढा शिल्लक होता. गल्ली मात्र तशीच होती आणि भर दुपारी तिथे इतकी शांतता होती की मला माझ्या चपलांचा आवाज नकोसा झाला. घरांचे क्रमांक दारांवर रंगवलेले होते. दोनशे एकतीस, दोनशे तेहेतीस. प्रत्येक दाराआड कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं मला वाटत होतं. मी अर्थशास्त्रज्ञ आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी भिंतीपासून चार हात लांबून चालले.

दोनशे सदतीसचं दार लोटलेलं होतं. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी दार ठोठावलं. ते जरा जास्तच जोरात ठोठावलं गेलं.

"उघडंच आहे," आतून आवाज आला. "या."

चाळिशीची बाई होती. मशीनवर शाळेच्या गणवेशांची चळत, बाजूला डब्यात पांढरी बटणं. तिने माझ्याकडे बघितलं, चष्मा वर केला आणि पुन्हा बघितलं.

"तुम्ही मोजणीवाल्या बाई ना?"

तीस वर्षांत माझे केस पिकले, वजन वाढलं, चष्मा लागला. तिने मला तेव्हा लांबून पाहिलं होतं.

"बसा ना. उशीर केलात." हे ती हसून म्हणाली, टोमणा नव्हता तो. "आई म्हणायची, येतील. मोठ्या माणसांना कामं असतात."

"आई...?"

"गेली. सात वर्षं झाली."

मी स्टुलावर बसले. काय काय ठरवून आले होते ते सगळं विसरले आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही घरात होतात?"

"म्हणजे काय! तीन दिवस होतो. आधी दवंडी दिली होती की, मोजणीच्या बाई येणार, तीन दिवस कोणी घर सोडायचं नाही. सगळी गल्ली घरात बसून. शेजारचे काका कामाच्या शोधात निघाले होते, तेसुद्धा थांबले. पहिल्या दिवशी तुम्ही त्या कठड्यावर बसला होता. मी आईला म्हटलं, बोलावू का? तर म्हणाली, लिहितायत त्या, मधेच हाक मारू नये."

"मी लिहिलं की घर बंद होतं."

तिला पटकन समजलं नाही. मग ती दाराकडे वळून बघायला लागली.

"आमच्या दाराला कुलूपच नव्हतं ताई," ती म्हणाली. "बाबा कारखाना बंद पडल्यावर काम बघायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. आई म्हणायची, ते आले आणि दार बंद दिसलं तर परत फिरतील. म्हणून दिवसरात्र कडीसुद्धा लावायची नाही. मी अजून लावत नाही. आता सवयच झाली."

मशीनच्या चाकावर तिचा हात होता. ते ती उगाच थोडं पुढे, थोडं मागे फिरवत होती. मी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. कपाटात जुन्या कार्डांतली काही उरली होती, त्यातलंच एक आणलं होतं. मी तिला म्हटलं, तेव्हाचं जसं आठवतं तसं सांगा. का म्हटलं? कारण मला दुसरं काही येत नाही. समोरचा माणूस रडवेला झाला की मी प्रश्नावली काढते.

"घरात माणसं किती?"

"तीन. आधी पाच होतो. आजी गेली आणि बाबा निघून गेले. मी, आई आणि धाकटा भाऊ."

"कमावणारी?"

"कोणी नाही."

माझं पेन अडखळलं. पुढचा प्रश्न मला विचारायचा नव्हता, कारण उत्तर मी सोमवारीच पडद्यावर वाचलं होतं.

"काल किती वेळा जेवलात? म्हणजे तेव्हाच्या कालचं."

"एकदा." ती हसली. "ते मला बरोबर आठवतं, मी त्यावरून रडून गोंधळ घातला होता. तशी दोन वेळची सोय होती घरात. पण आईने एका वेळचं ताट झाकून ठेवलं. म्हणाली, मोजणीच्या बाई येतील, उन्हातून येतील, त्यांना काहीतरी द्यायला नको? तुम्ही नाही आलात म्हणून दुसऱ्या दिवशीही ठेवलं. तिसऱ्या दिवशीही."

मी लिहिलं, एक. ते एवढं एक लिहायला मला किती वेळ लागला, देव जाणे. मग मी चष्मा काढला आणि तिच्यासमोर रडले, तोंड न झाकता, आणि तिने मला रडू दिलं.

"आता हे लिहून काय होणार?" तिने नंतर विचारलं. पाण्याचा पेला तिने माझ्या हातात दिला होता.

"फार काही नाही. एक मोठा आकडा आहे, तो थोडा खाली येईल."

"आणि बाबांचा शोध? आईला वाटायचं, तुम्ही घरात किती माणसं ते विचारता, तर कमी झालेली माणसं कुठे गेली ते पण कोणीतरी विचारेल."

"तो प्रश्न आमच्या कार्डात नाही," मी म्हणाले. खोटं बोलणं मला त्या घरात शक्य नव्हतं.

"बरं," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. निघताना मी सवयीने दार ओढून घ्यायला गेले आणि मधेच हात मागे घेतला.

गुरुवारी सकाळी नवरा दवाखान्यात गेल्यावर मी सरांच्या खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसले. त्यांची गोळी झाली होती, नाडी मी उगाचच दोनदा बघितली होती. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं : पंपघर, एकोणीस दारं, पडद्यावर आलेली घरं. वेड लागलंय हिला असं त्यांना वाटेल म्हणून पडद्याचं गाळणार होते, पण तेही सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "सर, चूक माझी आहे. जर्नलला मी पत्र लिहिणार आहे. त्यात तुमचा काही दोष नाही असंच लिहीन. पेपर पुन्हा छापला जाणार नाही."

ते छताकडे बघत होते. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. मग त्यांनी हात पुढे केला.

"कार्ड आणलंयस?"

मी दोनशे सदतीसचं जुनं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. लाल पेन्सिल उचलली आणि टोक पहिल्या तारखेवर ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"तारखा तीन," ते म्हणाले. "शाई एक. अक्षराचा उतार एक. तीन वेगळ्या दिवशी, रस्त्यात उभं राहून कोणी असं लिहीत नाही. हे एका जागी बसून लिहिलेलं आहे."

"हो."

"आणि ज्या दिवशी तू संस्थेत येऊन कार्डं माझ्याकडे दिलीस, तेव्हा तिसरी तारीख यायची होती."

मी वाकून पाहिलं. कार्डाच्या तळाशी त्यांची बारीक सही होती. एकोणीसच्या एकोणीस कार्डांवर होती, मंगळवारी मी ती बघितली होती आणि बघूनही मला काही सुचलं नव्हतं. पर्यवेक्षकाने कार्ड तपासलं की खाली सही करायची असा नियम होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बघितल्याबरोबर कळलं."

"मग?"

"बाकीच्या कार्डांची बेरीज मी आदल्या दिवशी करून ठेवली होती. अकरा येत होते." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला अकरा हवे होते."

मी उठून उभी राहिले. तीस वर्षं. तीस वर्षं मी त्या कठड्यावर एकटी बसून होते. या माणसाच्या समोर जेवायला वाढलं, याच्या हाताखाली काम केलं, याला फसवलं म्हणून मनातल्या मनात रोज याची माफी मागितली. सासरे आहेत, आजारी आहेत, शहाऐंशी वर्षांचे आहेत, सगळं विसरून मी ओरडले.

"मला रागवायचं होतंत तुम्ही! चोवीस वर्षांची होते मी! एकदा, एकदा तरी बोलावून रागवायचं होतंत!"

"रागावलो असतो," सर म्हणाले, "तर तुला परत पाठवावं लागलं असतं."

मी त्यांना ताटाचं सांगितलं नव्हतं. ते तेवढं माझ्याजवळ ठेवायचं ठरवलं होतं, त्यांना झेपणार नाही म्हणून. आता सांगितलं. दवंडी, तीन दिवस घरात थांबलेली गल्ली आणि झाकून ठेवलेलं जेवण. ऐकताना त्यांनी चष्मा काढला नाही आणि माझ्यावरची नजरही काढली नाही.

दुपारी मी त्यांच्या खोलीतच बसून पत्र लिहिलं. ही एकोणीस घरं बंद नव्हती, घरांत माणसं होती आणि ती आमची वाट बघत होती, हे पहिलं वाक्य. सरांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, सही कुठे करायची. मी जागा दाखवली. त्यांच्या बोटांत पेन धरवत नव्हतं, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघांनी मिळून ती केली.